डाव्या हातांचा वर्ग

थान्ह दिएम,
एप्रिलचा तिसरा रविवार, दुपार

प्रिय न्हाम,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू सापडतेस कुठे? "हं, बोल थोआ, ऐकतेय" म्हणतेस, तेवढ्यात मागून कुणीतरी "मॅडम, सही" करत येतं आणि तू गेलीस. हे पत्र पोस्टाने नाही, उद्या पहाटेच्या बसवाल्याच्या हाती देतेय, म्हणजे दुपारपर्यंत तुझ्या टेबलावर येईल. शेवटपर्यंत वाच. चिडलीस तरी वाच. शाळेत असताना तू दुसऱ्यांची पत्रंसुद्धा अर्धी सोडत नव्हतीस, हे तर तुझ्या नावाचं आहे.

आधी घरचं सांगते. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. परवा गेले तेव्हा अंगणात बसून मिठातल्या वांग्यांची बरणी भरत होत्या. म्हणाल्या, "साहेबीण झाली, आता वांगी खाते की नाही कोण जाणे!" मी म्हटलं, काकू, खाते हो, लपून खाते. हसल्या. तू शहरात गेल्यापासून त्यांना एकटं वाटतं, पण म्हणत नाहीत. गरम वारा यंदा लवकर सुटलाय. मिठागरवाल्यांची चंगळ आणि आमचे पत्र्याखाली हाल. शिक्षकांच्या खोलीत तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. आदराने वगैरे नाही हं, तिचा एक पाय हलतो म्हणून.

मिएनची बातमी मात्र वाईट आहे. लापदादाची मिएन, नववी ब, खिडकीकडचा दुसरा बाक. दहावीच्या प्रवेशपरीक्षेची नावनोंदणी या शुक्रवारी बंद होते आणि त्यात तिचं नाव नाही. पोरीला शिकायचंय, आणि नाव नाही. बाकी मी कितीही इकडचं तिकडचं लिहिलं तरी हे पत्र तेवढ्यासाठीच आहे, म्हणून आताच सांगून टाकलं. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे. तरी सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण तू ते विसरायच्या बेतात आहेस असं मला वाटतं.

खान्ह सर आठवतात? तपासनीस यायचे त्या दिवशी सरांची ती युक्ती! तपासनीस मागे बसणार, त्यांना आमच्या पाठी आणि वर गेलेले हात एवढंच दिसणार. म्हणून सर आदल्या दिवशी बजावायचे, "प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. खाली हात दिसला तर खबरदार!" मग सर फक्त उजव्यांना उठवायचे आणि तपासनीस माना डोलवत जायचे. अख्ख्या जिल्ह्यात हीच रीत होती, अजून आहे. गणिताच्या तासाला तुझा डावा हात काय ताठ असायचा! एकदा पाण्याच्या टाकीमागे मी तुला वर्गमूळ समजावत होते तेव्हा म्हणाली होतीस, "थोआ, तपासनीस रोज यायला हवेत गं. निदान त्या दिवशी मला येत नाही हे सरांना कळतं." आपण दोघी किती हसलो होतो त्यावर.

मग मागच्या ऑक्टोबरात ते परिपत्रक आलं. गणिताच्या प्रत्येक तासाला आकारिक मूल्यमापन दिसलं पाहिजे. म्हणजे शिकवता शिकवताच पोरांना काय कळलं, काय नाही ते बघायचं आणि त्याप्रमाणे पुढचं पाऊल टाकायचं. झालं, सगळ्यांनी धावपळ करून हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची कार्डं छापून आणली. मला कंटाळा. मी म्हटलं, आपली खान्ह सरांची युक्ती आहे की. तपासनीस आले, मागे बसले, मी प्रश्न विचारला, हात वर गेले. आणि न्हाम, मी फळ्यापाशी उभी राहून बघतच राहिले. मागच्यांना नुसते हात दिसत होते, पण मला पुढून सगळं दिसत होतं. खिडकीकडची रांग डावी. मधले दोन बाक डावे. ज्याच्यावर माझी मदार तो तोनसुद्धा अर्धा मिनिट कुठला हात करू म्हणून अडखळला. सतरा वर्षं मी "समजलं का?" विचारतेय आणि सतरा वर्षं "होऽऽ बाई" ऐकतेय. आपल्याकडे "नाही" म्हणायचं म्हणजे बाईंच्या तोंडावर "तुम्हाला शिकवता येत नाही" म्हणायचं. कुठलं पोर म्हणेल? त्या खोट्या तासाला मला पहिल्यांदा खरं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला म्हटलं, आजपासून रोज असंच. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तोन म्हणाला, "बाई, पण आज तर कुणी आलेलं नाही." मी म्हटलं, "मी आलेय ना, मला बघायचंय." आणि मग मी त्यांना शब्द दिला. डाव्या हाताला काहीही होणार नाही. गुणवहीत नोंद नाही, ओरडा नाही, घरी निरोप नाही. पहिले पंधरा दिवस कुणाचा विश्वास बसेना, सगळे उजवे. आधी मिएननेच डावा केला. तिला मी फळ्याशी बोलावलं नाही, तिच्या बाकापाशी गेले आणि दुसऱ्या रीतीने सांगितलं. मग हळूहळू बाकीचे हात बदलायला लागले. दिवाळखोरी जाहीर केल्यासारखा वर्ग झाला होता बघ, निम्मा डावा! पण मला काय हलकं वाटलं होतं म्हणून सांगू. निदान कुठून सुरुवात करायची ते तरी कळलं.

आता चक्रीय चौकोनाचा तास. तो तुला सांगायचाच आहे, कारण त्या दिवशी तू नव्हतीस. समोरासमोरच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी असेल तर चौकोन चक्रीय असतो, ही सिद्धता मी फळ्यावर लिहिली. हात वर. सगळे उजवे, मिएनचा एकटीचा डावा. मागून कुणीतरी "अगं बाई, हे पण नाही येत?" म्हणून टोमणा मारला. ती उठून म्हणाली, "बाई, चारही बिंदू वर्तुळावर असले तर बेरीज एकशे ऐंशी, ते मागच्या आठवड्यात कळलं. आज उलटं आहे. बेरीज माहीत आहे, पण चौथा बिंदू वर्तुळावर आहे की नाही तेच सिद्ध करायचंय. मग आकृतीत तो आधीच वर्तुळावर का काढला?" मी उजव्या हातांना म्हटलं, द्या उत्तर. तोन उठला, "कारण तो वर्तुळावर आहे." का? "कारण दिसतोय." दुसरी उठली, तेच. तिसरा, तेच. एकाही उजव्या हाताला व्यत्यास म्हणजे काय ते कळलेलं नव्हतं, सगळ्यांनी मागच्या आठवड्याची सिद्धता पाठ म्हटली होती. आणि आकृती काढताना चुकले होते मी. फळा पुसला. चौथा बिंदू एकदा वर्तुळाच्या आत घेतला, एकदा बाहेर, आणि दोन दिवस आम्ही तेवढंच केलं. मिएनने हात वर केला नसता तर आख्खा वर्ग तसाच परीक्षेला गेला असता.

हे मी शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सांगितलं म्हणजे काय, मिरवलं. तू तेव्हा उपमुख्याध्यापिका. म्हणालीस, "मला बघू दे की एकदा." मला किती आनंद झाला! तू तीन आठवडे येत होतीस, शेवटच्या बाकावर नाही, पुढे दाराशी, जिथून हात नीट दिसतात तिथे. वही घेऊन. मला वाटलं, माझी मैत्रीण माझ्याकडून काहीतरी शिकतेय. मी वर्गाला म्हटलं, "न्हामबाई आपल्याच आहेत, लाजू नका." पोरं लाजली नाहीत.

टेटची, नव्या वर्षाची सुट्टी संपली आणि पालकांना बोलावणी गेली. मला पत्ता नाही. प्रवेशपरीक्षेच्या सरासरीवर जिल्ह्यात शाळांचे नंबर लागतात आणि जे परीक्षेला बसलेच नाहीत ते सरासरीत धरत नाहीत, हे आपल्या मुख्याध्यापकांचं गणित काही नवीन नाही. दरवर्षी दोघातिघांना समजावून धंदेशिक्षणाकडे वळवतातच, सुंठीवाचून खोकला गेला. यंदा मात्र एकट्या नववी ब मधले नऊ. छापील कागद तयार होता, "माझा पाल्य स्वखुशीने परीक्षेला बसणार नाही", खाली फक्त पालकाची सही. त्यांच्याशी बोललीस तू. गोड बोलतेस, तुझं बोलणं कुणाला टोचत नाही. लापदादा लग्नाकार्यातला शर्ट घालून आला होता. सही करून जाताना घरी मुरवलेल्या माशांच्या खारट रसाची बाटली ठेवून गेला, बाईंनी पोरीच्या भल्याचा विचार केला म्हणून. ती बाटली आपण सगळ्यांनी दुपारच्या जेवणात संपवली. मीही भातावर घेतला, चांगला आहे म्हणाले.

मग मला कळलं आणि मी तुझ्याकडे धावत आले. नऊच्या नऊ डावे हात होते न्हाम. मी विचारलं, "हीच पोरं का?" तू फायलीतून मान वर न करता म्हणालीस, "अगं थोआ, निवडायला काहीतरी आधार लागतोच ना. दुसऱ्या वर्गांत चाचण्या घ्याव्या लागल्या. तुझ्या वर्गात पोरं आपणहून सांगतात." तू ते वाईट मनाने म्हणाली नव्हतीस, म्हणून तर ते जास्त लागलं. वर म्हणालीस, "मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल, ते तर आणखी कठोरपणे करतील." कुंपणच शेत खातं म्हणतात ते काय, मी तुझ्याकडे बघत उभी राहून शिकले. पुढच्याच महिन्यात तुझी बदली झाली, बढतीवर, प्रांताच्या शिक्षण खात्यात. निरोपाच्या दिवशी मी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणली होती, आठवतं ना? रागाने वेडी झाले होते, तरी आणली. तीस वर्षांची सवय.

आता वर्गाचं ऐक. ज्या दिवशी पोरांना कळलं की कुणाकुणाची नावं गेली, त्या दिवसापासून सगळे उजवे हात. रोज. काहीही विचारा, उजवा. मी परवा मुद्दाम फळ्यावर लिहिलं, "प्रत्येक चौकोन चक्रीय असतो", आणि विचारलं, कुणाला पटलं? एकूणएक उजवे हात वर. समभुज चौकोन काढून दाखवला, चांगला चेपलेला, विचारलं हाही? उजवे. तोन तर मला धीर देत असल्यासारखा हसला. मी पुन्हा शब्द द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने देऊ? आता मी पुन्हा आंधळी शिकवते. घंटा झाली की जाते. रात्री झोप लागत नाही असं मी म्हणणार नाही, लागते, पण सकाळी शाळेत जावंसं वाटत नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

गेल्या रविवारी लापदादाकडे गेले. भर उन्हात मीठ ओढत होता. मला बघून फावडं टाकून आला, गार चहा दिला, आणि मी कागद मागे घ्यायचं म्हटल्यावर घाबरला. "बाई, शाळेने सांगितलं, आम्ही ऐकलं. आता उलटं केलं तर शाळा रागावेल ना? धाकटा अजून सहावीत आहे." मी म्हटलं, "दादा, मी शाळेचीच आहे की." तो म्हणाला, "न्हामबाईपण शाळेच्याच होत्या." टोमणा नव्हता तो. खरंच गोंधळला होता बिचारा. मिएन घरी नव्हती. दुपारनंतर कोळंबी सोलायच्या शेडवर जाते, मोठ्या चुलतबहिणीचं ओळखपत्र लावून, कारण हिचं वय बसत नाही. मी तिथे गेले. बर्फाच्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघालीत. बाहेर येऊन उभी राहिली, हात पाठीमागे. मी काय काय बोलले मला आठवत नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणाला होतात, डाव्या हाताला काही होत नाही." एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. रडले मी, तिथे कोळंबीच्या टोपल्यांपाशी, आणि तीच मला म्हणाली, "जाऊ द्या बाई, बायका बघतायत." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते या पोरीने माझ्या सांगण्यावरून केलं. मी विचारलं, परीक्षेला बसायचंय का? तिने पटकन हो म्हटलं. मग मुकादमाची हाक आली.

मुख्याध्यापकांना चारदा भेटले. पहिल्यांदा "बघू", दुसऱ्यांदा "पालकांची स्वखुशी आहे", तिसऱ्यांदा "तुमचा विषय गणित, गणित शिकवा". चौथ्यांदा वैतागून खरं बोलले. "कागद न्हामबाईंनी वर नेऊन दिलेत. नेणाऱ्यानेच चूक झाली म्हणून लेखी मागितले तर परत येतील. नाहीतर माझ्या हातात काही नाही." त्यांच्या हातात पुष्कळ आहे, पण ते जाऊ दे.

आता शेवटचं. मंगळवारी तुझा फोन आला होता. येत्या गुरुवारी प्रांताचे संचालक येणार, आकारिक मूल्यमापनाचा नमुना-तास मी घ्यायचा, वर्ग बसने शहरात आणायचा, उजव्या-डाव्या हाताची पद्धत तुझ्या अहवालात "यशस्वी प्रयोग" म्हणून गेलीय, सराव चाचणीची सरासरी किती वाढली त्याचा तक्ता लावणार. तू किती खुशीत होतीस! आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "ती नऊ सोडून बाकीचे आण हं." मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"चं उत्तर म्हणून हे पत्र लिहितेय. मी येणार आहे. वर्ग घेऊन येणार आहे, नऊही आणि त्यांच्यातले जेवढे आईबाप येतील तेवढेही. लापदादा आधी नको म्हणाला, काल संध्याकाळी येऊन हो म्हणून गेला, तोच लग्नाचा शर्ट घालतो म्हणाला. तास मी घेणार नाही. संचालकांसमोर उभी राहून तुझी सरासरी कशी वाढली ते सांगणार आहे, तुझ्या नावासकट आणि माझ्या नावासकट. त्यानंतर मला कुठल्या बेटावरच्या शाळेत टाकतील आणि तुझं काय होईल, याचा विचार मी चार दिवस केलाय. काकूंचाही केलाय. तुझ्याकडे बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे. नऊ कागद चुकीने घेतले म्हणून तू स्वतः लिहून परत मागवलेस, शुक्रवारच्या आत त्यांची नावं लागतील असं केलंस, तर मी गुरुवारी येऊन तुला हवा तसा तास घेईन, टाळ्या सगळ्या तुझ्या, आणि मेले तरी यातलं एक अक्षर बोलणार नाही. तुझ्यावर माझा जीव आहे गं, अजून आहे. पण त्या पोरीला मी शब्द दिला होता आणि तुला तो माहीत होता.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
थोआ